इंजिन फिरून येईपर्यंत

दादा, आधी कावळ्याचं सांगते. ऐकून तू पोट धरून हसशील आणि मग मला चार शिव्या घालशील.

तुझ्या दहाव्याला आम्ही सगळे कुंडलिकेच्या घाटावर जमलो होतो. पिंड ठेवला आणि कावळा काही येईना. कावळे नव्हते असं नाही. पलीकडच्या आंब्यावर चांगले पाच-सहा बसले होते, आपापसांत गप्पा मारत, पण आमच्याकडे ढुंकून बघायला तयार नव्हते. वहिनी हात जोडून म्हणाली, "मी गोळ्या वेळेवर घेईन, माझी काळजी करू नका." कावळा नाही. तुझा पुतण्या सुभाष पुढे झाला. "काका, तळ्याची जमीन इकणार न्हाय. बांधावरचा आंबाबी तोडणार न्हाय." कावळा नाही. मग कुणी तुझ्या आवडीचा बटाटावडा ठेवला, कुणी चहा ठेवला, कुणी चहात साखर कमी आहे म्हणून आणखी साखर घातली. कावळे मजा बघत होते.

भटजींना पुढे दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी दोनदा घड्याळ बघितलं आणि दर्भ हातात घेतला. गवताचा कावळा करून शिववायचा आणि मोकळं व्हायचं, असा त्यांचा बेत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. खोटा कावळा? तुला? जन्मभर ज्याने दुधात पाणी घातलेलं एका घोटात ओळखलं त्याला? मी लोकांना बाजूला सारून पुढे गेले आणि ओरडलेच, "बरं बाबा, तुझीच गाडी चांगली होती! मी हरले! झालं समाधान?"

शब्द तोंडातून पुरता बाहेर पडला नव्हता, दादा, आणि एक काळाभोर थेट येऊन पिंडावर बसला.

मग सुभाष म्हणाला, "आत्या, ह्यासाठी अडला व्हता व्हय काका!" आणि घाटावर असा हशा पिकला की शेजारच्या दहाव्याची माणसं वळून बघायला लागली. वहिनी पदर तोंडाला लावून हसता हसता रडत होती. मला तर इतका आनंद झाला की काय सांगू. तू ऐकलंस! मेल्यावरही कान तिखट! भटजींनी दर्भ खाली टाकला आणि म्हणाले, असं आमच्या शास्त्रात नाही, पण शिवला ना, मग उत्तम.

एकटी तुझी ज्योती हसली नाही. तिने ओला टॉवेल पिळला, घडी घातली आणि पायऱ्या चढून वर निघून गेली.

तिथेच माझं हसू मावळलं. कारण तू जिंकलास ते कुणाविरुद्ध, हे मला तेव्हा सुचलं. माझ्याविरुद्ध नव्हे. माझं काय, मी पेणची एक रिकामटेकडी बाई, वाद घालायला मला विषय लागतो. पण ज्या नव्या गाडीला तू नावं ठेवलीस ती चालवते कोण? तुझी मुलगी. आणि तिच्यादेखत, तुझ्या पिंडासमोर, मी कबूल करून बसले की ती गाडी हरली.

जुन्या गाडीचं तुला मी काय सांगायचं! तरी सांगते, माझ्या तोंडून ऐकलेलं तुला आवडायचं. दिव्याहून रोह्याला येणारी पॅसेंजर. पुढे डिझेलचं इंजिन, मागे ते मळकट डबे, खिडक्यांना आडवे गज, बसायला फळ्यांची बाकं. रोह्याला आली की गाडी संपायची. मग इंजिन सुटायचं, पुढे जायचं, बाजूच्या रुळावरून धापा टाकत मागे यायचं आणि दुसऱ्या टोकाला लागायचं. इंजिन फिरून येईपर्यंत गाडी नुसती उभी. पंखे बंद, सगळं शांत, आणि डब्यातली माणसं घरच्या ओटीवर बसल्यासारखी बसलेली.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरपण करून मी पेणला परत निघाले तेव्हा तू पोचवायला आला होतास. मी खिडकीशी बसून हमसून हमसून रडत होते. तुला रडणाऱ्या बाईपुढे काही सुचायचं नाही, तू गेलास तो थेट चहाच्या टपरीवर. काठोकाठ भरलेला कप खिडकीतून माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, "नलू, इंजिन लागलं की धक्का बसतो. चहा सांडता कामा न्हाय. सांडलास तर तू आपल्या घरची न्हाय." मी रडायचंच विसरले. दोन्ही हातांत कप धरून, श्वास रोखून, त्या धक्क्याची वाट बघत बसले. धक्का बसला, अर्धा चहा माझ्या नव्या साडीवर. आणि तू प्लॅटफॉर्मवर टाळ्या पिटत हसतोयस. गाडी सुटली तेव्हा मीही हसत होते. सासरी मी डाग पडलेल्या साडीत उतरले आणि सासूबाईंनी विचारलं तेव्हा काय सांगावं ते कळेना.

तिथून तो खेळच झाला. मी माहेरी आले की परतताना चहा. हळूहळू डब्यातली नेहमीची माणसंही त्यात आली. सुकी मासळी घेऊन जाणारी ती नागोठण्याची पारूबाई, ते पेणचे दोन मास्तर, सगळे कप घेऊन तयार. चहा सांडला नाही तर ड्रायव्हरच्या नावाने टाळ्या. सांडला तर पारूबाई खिडकीतून तोंड काढून ओरडायची, "रेडा जुपलाय का रं पुढं!" आणि ड्रायव्हरही कधी कधी हात हलवून माफी मागायचा. ज्योती चार-पाच वर्षांची असेल, तुझ्या खांद्यावर बसून हे सगळं बघायची. तिला चहा द्यायचा नाही म्हणून तू तिच्या हातात पाण्याचा पेला द्यायचास. तिचं पाणी कधीच सांडायचं नाही. तू म्हणायचास, पोरीचा हात स्थिर हाय.

मग ती पॅसेंजर गेली आणि मेमू आली. विजेवर चालणारी, दोन्ही टोकांना ड्रायव्हरची खोली. इंजिन सोडायला नको, जोडायला नको, फिरवायला नको. आली तशी परत जाते. तू पहिल्या दिवशी प्लॅटफॉर्मवरून बघून आलास आणि मला फोन केलास. "नलू, गाडी म्हंजे तिला एक तोंड पायजे आणि एक शेपूट पायजे. हिला दोन्हीकडं तोंडच हाय. अशा गाडीवर इस्वास कसा ठेवायचा?"

मी म्हटलं, मला आवडली. आवडलीच होती रे! सुटते कशी झपकन! केसांत काजळी नाही, डोळ्यांत धूर नाही, पांढरी साडी नेसून बसावं आणि पांढऱ्या साडीनेच उतरावं. तुझी पॅसेंजर कासू स्टेशनला उभी राहिली की समोरची गाडी जाईपर्यंत माणूस म्हातारा व्हायचा. आणि धक्का नाही, मी म्हटलं, कप भरून हातात धर, एक थेंब सांडणार नाही.

"सांडायची भीती न्हाय त्या चहाला चव काय?" तू म्हणालास आणि फोन ठेवलास.

झालं. तिथून आपलं भांडण लागलं ते लागलंच. गणपतीला भांडलो, शिमग्याला भांडलो, माझ्या व्याह्यांच्या देखत भांडलो. सुभाषच्या लग्नात अक्षता हातात असताना तू माझ्या कानात म्हणालास, "आणि हॉर्न? बकरी ओरडल्यावाणी." मला हसू आवरेना आणि मंगलाष्टक म्हणणाऱ्या बाईंनी माझ्याकडे रागाने बघितलं. संध्याकाळी तुझा फोन यायचा, कधीही, धाप लागलेला, आणि नमस्कार नाही चमत्कार नाही, "ऐक, नवा मुद्दा सापडलाय." मी भाजी परतत असायचे. फोन खांद्याशी धरून उत्तर द्यायचे. तुझ्या मुद्द्यांना काही बूड नसायचं, पण संपायचेही नाहीत. एवढे मुद्दे ह्याला रोज मिळतात कुठून, याचं मला नवल वाटायचं.

आणि मग ज्योती. आधी मालगाडीवर असिस्टंट, मग मालगाडीची ड्रायव्हर, मग ती परीक्षा, ते प्रशिक्षण, आणि एक दिवस रोह्याच्या मेमूवर. साऱ्या आळीत पेढे वाटले मी, पेणमध्ये, माझ्या सासरी! तूही वाटलेस. पण तिच्या गाडीत तू बसला नाहीस. मी किती म्हटलं, नागोठण्यापर्यंत तरी ये, एकदा बस, लेक चालवते आहे. तू म्हणायचास, मला कुठं जायचं न्हाय. खरंच, रिटायर झाल्यावर तुला कुठे जायचं नसायचं. तुझी कंपनी सुटली आणि तुझा प्रवासही सुटला. पण मला ते खटकायचं, दादा. मला वाटायचं, पोरीला काय वाटत असेल. तिने कधी तोंडातून काढलं नाही. म्हणून मी अधिकच तिच्या गाडीची बाजू घ्यायचे.

आता बघ मला काय वाटलं असेल घाटावर.

तेराव्यानंतर ती ड्युटीवर रुजू झाली. मी फोन केले. "हं." "बरी आहे." "बघू, आत्या." आमची ज्योती, जी एक वाक्य सांगायला अर्धा तास घेते! वहिनी म्हणाली, घरीसुद्धा गप्पच असते, जेवते आणि झोपते. मी मनाशी वाक्यं जुळवायला लागले. तुझ्या बाबाला तुझा फार अभिमान होता, तो मला एकदा असं म्हणाला होता, तसं म्हणाला होता. पण तू तसं काही म्हणाला नव्हतास, दादा. मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालायचे मला जमेनात. तुझ्या तर नाहीच. तू तिथून ओरडला असतास.

शेवटी काल मी वहिनीकडून तिच्या ड्युटीची वेळ काढून घेतली आणि पेणला गाडीत बसले. तिला सांगितलं नाही. पुढच्याच डब्यात बसले, तिच्या पाठीशी. गाडी सुटली आणि काय सांगू तुला, माझ्या अंगावर काटा आला! मधल्या एका भिंतीपलीकडे तुझी लेक आणि मागे हे सगळे लोक, कुणी झोपलंय, कुणी मोबाइल बघतंय, कुणी वाटाणे सोलतंय, कुणाला पत्ता नाही. मला उठून सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं. शेजारच्या बाईला सांगितलंच. ती म्हणाली, "बाई चालवते? तरीच गाडी कशी झोकात चाललीय." नागोठण्याच्या पुलावरून जाताना खाली नदी पाण्याने तुडुंब भरली होती आणि मी वेड्यासारखी एकटीच हसत होते. तू नव्हतास म्हणून रडायला हवं होतं. ते नंतर आलं.

रोह्याला उतरले आणि ती तिच्या खोलीचं दार बंद करून खाली उतरतच होती. निळा गणवेश, खांद्याला ती जड काळी बॅग. मला बघून थबकली.

"आत्या? तू काय करतेस इथे?"

"तुला भेटायला आले."

"मला थांबता यायचं नाही. त्या टोकाला जायचंय."

मला माहीत होतं, पण कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. इंजिन फिरत नाही ना आता, म्हणून माणूस फिरतं. गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळा प्लॅटफॉर्म चालत जायचं आणि तिकडच्या खोलीतून परतीची गाडी न्यायची. तिकडून गार्ड आपली बॅग घेऊन येत होता, ही इकडून निघाली होती. मी तिच्या बरोबरीने चालायला लागले आणि धाप लागायच्या आत बोलून टाकलं. "ज्योती, मी घाटावर जे बोलले ते तुझ्या गाडीबद्दल नव्हतं. कावळा येईना म्हणून बोलले. तुझी गाडी चांगली आहे, मी इतकी वर्षं तेच सांगत आलेय, आणि तुला राग आला असेल तर..."

"गाडीचा राग कुणाला आलाय?" ती म्हणाली. चालता चालताच, समोर बघत.

"मग?"

"तू हरलीस कशाला, आत्या?"

मला कळेना ती काय म्हणतेय.

"बाबा इथं यायचा," ती म्हणाली. "माझी ड्युटी असली की यायचा, ह्याच टोकाला उभा. मी उतरले की माझी बॅग घ्यायचा आणि त्या टोकापर्यंत गाडीला शिव्या देत चालायचा. हिला शेपूट न्हाय, हिचा हॉर्न बकरीसारखा, हिच्या खिडक्या कोंबड्याच्या खुराड्यासारख्या. आणि मध्येच थांबायचा नि म्हणायचा, 'हे बेस सुचलं. ह्याला नलूकडं उत्तर न्हाय. घरी जाऊन फोन करतो.' मी वर चढले की बॅग द्यायचा आणि गाडी सुटेपर्यंत हलायचा नाही."

दादा! चोरा! तुझी ती संध्याकाळची धाप! मला वाटायचं तू जिना चढून आलायस.

मी मध्येच थांबले. ती थांबली नाही, तिला थांबून चालणार नव्हतं. मी पुन्हा पळत तिला गाठलं. गार्ड आमच्या बाजूने गेला, त्याने तिला नमस्कार केला, माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. मी तेव्हा रडत होते बहुतेक.

"मला कधी सांगितलं नाही त्याने," मी म्हटलं.

"तुला कसं सांगेल? तू म्हणाली असतीस, बघा, रोज बघायला जातोय म्हणजे आवडते." आणि मग तिचा आवाज बदलला. "घाटावर कावळा येत नव्हता तेव्हा मला बरं वाटत होतं, आत्या. सगळ्यांना घाई झालेली, आणि मी मनात म्हणत होते, नको येऊ. अडून राहा. तू नेहमी अडून राहायचास. आणि आत्या, तू पुढे आलीस, म्हणालीस हरले, आणि तो लगेच आला. सगळे हसले. मला एवढंच कळलं की आता बाबा खरंच गेला."

मी नुसता हात पुढे केला आणि तिच्या खांद्यावरची बॅग घेतली. केवढी जड आहे रे ती! या वयात रोज उचलायचास, तरीच वहिनी म्हणायची खांद्याला तेल लावून मागतात. उरलेला प्लॅटफॉर्म मी ती बॅग सांभाळत तिच्या मागे चालले. शेवटच्या डब्यापाशी मला राहवलं नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे, गप्प बसले की माझ्या पोटात दुखतं. मी मोठ्याने म्हटलं, "मी हरलेले नाही."

"काय?"

"घाटावर बोलले ते मागे घेते. माझा शब्द, मी मागे घेईन. तुझ्या बाबाची गाडी भिकार होती. उशिरा यायची, काळा धूर सोडायची, आणि तिच्या इंजिनाने माझी नवी साडी खराब केली."

ज्योती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या ओठांचा एक कोपरा हलला, अगदी तुझ्यासारखा. "असं पिंडाला दिलेलं वचन मोडता येतं का गं?"

"भटजींना विचारून सांगते," मी म्हटलं, आणि ती हसली. इतक्या दिवसांनी हसली, दादा. प्लॅटफॉर्मवरचा भजीवाला वळून बघायला लागला इतकी हसली. मग वर चढली, मी बॅग दिली, दार लागलं. सिग्नल मिळाला. तिने हॉर्न दिला तो खरंच बकरीसारखा वाटला, हे मात्र मी कबूल करते. एवढंच.

तर आता नीट ऐक. तू गेलायस असं सगळे म्हणतात, कावळा शिवला म्हणतात, मला मान्य नाही. माझी हार मी परत घेतली आहे, तेव्हा तुझी जीतही गेली, आणि तूही मागे फिर. नवी गाडी चांगली आहे. तुझ्या लेकीच्या हातात तर लोण्यासारखी चालते, तू एकदा बसला असतास तर तुला कळलं असतं, आणि ते तू केलं नाहीस याचा राग माझ्या मनातून जाणार नाही. आणि एक गोष्ट तुला मी इतकी वर्षं सांगितली नाही, कारण सांगितली असती तर तू जिंकला असतास. तुझी ती पॅसेंजर मलाही तुझ्याइतकीच आवडायची. इंजिन कधीच फिरून येऊ नये असं वाटायचं. तू खिडकीशी उभा, मी आत, आणि निघायला अजून वेळ आहे.

सांगून टाकलं. आता तू बोल.